मुलगा सेकंड आहे

ऐंशीच्या दशकात आमच्या जळगावात ‘सेकंड’ या शब्दाचा वेळेशी फारसा संबंध नव्हता. गिरणीत सेकंड पाळी होती, टॉकीजला सेकंड शो होता, नानांची स्कूटरही सेकंड होती. धुळ्याच्या एसटीचा ड्रायव्हर तेवढा ‘एक सेकंड’ म्हणून उतरायचा आणि चहा पिऊन, पान लावून निवांत परत यायचा.

नाना म्हणजे माझे वडील, कचेरीत हेडक्लार्क. इंग्रजीवर त्यांचा फार विश्वास होता. इंग्रजीचा त्यांच्यावर किती होता, ते ताईच्या लग्नाच्या वेळी समजलं.

ताई बालवाडीत शिकवायची. लग्नाचं वय उलटून चाललंय, हे तिला सोडून सगळ्या नातेवाइकांना जाणवत होतं. अशात आईचे मावसभाऊ, चाळीसगावचे मामा, एक स्थळ घेऊन आले. आपण जमवलेली लग्नं मामा तोंडपाठ सांगत. त्यातली मोडलेली कोणती, ते मात्र त्यांना आठवत नसे.

“धुळ्याचा मुलगा. पाटबंधारे खात्यात नोकरी, स्वभाव शांत,” मामा म्हणाले आणि बशीतले केळीचे वेफर संपवता संपवता पुटपुटले, “फक्त सेकंड आहे.”

“चालेल की,” नाना म्हणाले. “क्लास काय चाटायचाय?”

मामांनी लगेच मंडळींना बोलवायचा वार ठरवून टाकला.

मुलाकडची मंडळी पाहायला आली तेव्हा त्यांचा संकोच घालवायला नानांनीच विषय काढला. “सेकंडचं मनावर घेऊ नका. मी स्वतः सेकंड. आमच्या काळी फर्स्ट मिळायचं कोणाला?”

मुलाच्या वडिलांनी माझ्या आईकडे एकवार पाहिलं. “वहिनींना ठाऊक आहे?”

“म्हणजे काय? त्यांच्या माहेरी सांगूनच लग्न झालं,” नाना अभिमानाने म्हणाले.

आईला यातलं काही कळेना. तेवढ्यात मुलाच्या आत्याने ताईला न्याहाळत पसंती दिली, “पोर चांगली शे. पहिली बी अशीच गोरी व्हती.”

“पहिली कोण?” आईने विचारलं.

मामांना अचानक एसटीची वेळ आठवली. पण मुलगाच बोलला, “माझी पहिली बायको. आमची फारकत झाली. मामांनी सांगितलं असेल ना?”

“सांगितलं ना,” मामा म्हणाले. “सेकंड आहे म्हणून स्पष्ट सांगितलं. आता नानांसारख्या इंग्रजी जाणणाऱ्या माणसाला अजून काय फोड करून सांगायचं?”

नाना ताडकन उठले. ते काही बोलण्याआधी ताईने विचारलं, “फारकत का झाली?”

मुलीने प्रश्न विचारायची आमच्याकडे रीत नव्हती. पण मुलगा म्हणाला, “तिला वेगळं राहायचं होतं. मी घर सोडायला तयार नव्हतो. दोघंही हट्टी. सगळा दोष तिचा नाही.”

मंडळी गेल्यावर नानांनी नकार जाहीर केला. ताई कपबशा गोळा करत म्हणाली, “एवढे जण पाहून गेले नाना, विचारलेल्याचं सरळ उत्तर याच एकाने दिलं.”

नाना दोन दिवस धुसफुसतच कचेरीत गेले. मग धुळ्याला जाऊन थेट त्या पहिल्या बायकोच्या भावाला भेटले. परत आल्यावर पायांतल्या चपला न काढताच म्हणाले, “माणूस वाईट नाही म्हणतो तो. बहीण त्याची, तरी म्हणतो.”

लग्न झालं. मांडवात सगळ्यात मोठा मान, टॉवेल-टोपीसकट, अर्थात मामांनी घेतला.

पुढच्याच वर्षी ताईने आणि भाऊजींनी सासरच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. सामान लावायला मी धुळ्याला गेले होते. स्टोव्ह पेटवता पेटवता भाऊजी एकदम म्हणाले, “तीसुद्धा एवढंच मागत होती.” ताई डबे लावत होती. तिने ऐकलं आणि हातातला डबा फळीवर ठेवला. थोड्या वेळाने तिने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि आपला कप घेऊन त्यांच्या शेजारी बसली.