एक माणूस दाखवा

बारा वर्षं झेरॉक्सचं दुकान चालवलं की बाईकडं दोन गोष्टी साठतात, वाया गेलेले कागद आणि लोकांचे किस्से. कागद मी रद्दीत देते. किश्श्यांना गिऱ्हाईक नाही. त्यात मागच्या ख्रिसमसनंतर आमच्या मंडळीनं, म्हणजे आमच्या शिरूरच्या छोट्या चर्चनं, मला तरुण संघाची सल्लागार केलं आणि किश्श्यांचं पोतं पार ओसंडून गेलं. मलाच का केलं? पाळकसाहेबांचं म्हणणं असं, की ज्या बाईला लॅमिनेशन येतं तिला इंटरनेट येतंच.

सगळं सुरू झालं शेरॉनपासून. शेरॉन अकरावीत आहे. तिच्या वडिलांनी तिला फोन दिला तो एका अटीवर: देवाच्या कामाला वापरायचा. दुसरं काही दिसलं की फोन कपाटात आणि किल्ली आईच्या कमरेला. मग शेरॉननं घाईघाईनं देवाचं काम शोधलं आणि तरुण संघाचं पेज काढलं. नाव ठेवलं 'उजेड'. सोशल मीडियावर सगळीकडं घाण आहे, आपण चांगलं काहीतरी टाकू, लोकांचं भलं करू, असं ती उपासनेनंतर उभं राहून बोलली. चांगलं बोलली, खोटं कशाला सांगू. तिच्या मागं कॅमेरामन म्हणून नववीतला जोएल उभा होता, तो तेव्हाही रेकॉर्डिंगच करत होता.

आमच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी दाविदआप्पा. रेल्वेतले रिटायर गार्ड. आपण झेंडी दाखवल्याशिवाय जगात काहीही हलू नये, असं त्यांचं मत आहे. ते उठले.

"भलं व्हतंय का वाटोळं, ते मला तोंडानं सांगू नका. ईस्टरनंतर वार्षिक सभा हाय. तवा एक माणूस आणून दाखवा, ज्याचं ह्या पेजनं भलं झालं. एकच. न्हाई दाखवला तर पेज बंद."

"आणि फोन कपाटात," मागच्या बाकावरून शेरॉनचे वडील म्हणाले.

*

पहिलं काम, रोज सकाळी बायबलमधलं एक वचन टाकायचं. जोएल म्हणाला, रोज कोण उठणार, मी महिन्याभराचं एकदम लावून ठेवतो. फुलांचे फोटो घेतले, त्यावर वचनं टाकली, वेळ लावली आणि झोपला. वचनं निवडायची म्हणजे वाचावं लागतं. त्यानं ती भानगडच ठेवली नाही. शुभवर्तमानाच्या पहिल्या पानापासून ओळीनं घेत सुटला.

आता त्या पहिल्या पानावर काय आहे, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वंशावळ! कोणाला कोण मुलगा झाला, त्या मुलाला पुढं कोण झाला, एवढंच.

तर सकाळी सात वाजता गुलाबाच्या फोटोवर, की अमक्यांना मुलगा झाला. खाली जोएलच्या वर्गातल्या पोरांच्या कमेंट, "अभिनंदन भावा", "पेढे कुठं हायत". दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मुलगा झाला. भांडगावच्या एका बाईंनी मनापासून विचारलं होतं, "बाळ-बाळंतीण बरी आहेत ना?"

जोएल उड्या मारत दुकानात आला. "आंटी, रिस्पॉन्स बघा."

मी पाळकसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "त्यात चाळीसएक पिढ्या आहेत, करुणाबाई. त्याला म्हणावं थांब, नाहीतर ईस्टरपर्यंत बारशीच चालतील."

*

मग शेरॉननं प्रार्थना विनंत्या मागवल्या. आमच्यात रीत आहे, कुणाला अडचण असली की चिठ्ठी द्यायची आणि रविवारी पाळकसाहेब त्या नावानं प्रार्थना करतात. हिनं चिठ्ठीच्या जागी स्टोरीवर चौकट ठेवली. नाव द्यायची गरज नाही, मनातलं लिहा.

लोकांनी मनातलं लिहिलं. एकानं नुसतं 'भूमिती' लिहिलं. एकीनं लिहिलं, 'माझ्या एक्सचं वाटोळं होऊ दे.' आणि अकरा जणांनी लिहिलं, 'शिक्रापूरचा चौक.'

एक्सवालीला शेरॉननं स्वतः उत्तर दिलं: "ताई, आम्ही वाटोळ्यासाठी प्रार्थना करत नाही. पण तुला त्याच्यापेक्षा बरा मिळो." त्या ताईनं हात जोडलेला इमोजी पाठवला आणि लगेच विचारलं, तुमच्या संघात कोण आहे का.

बाकीची यादी पाळकसाहेबांकडं गेली. त्यांनी रविवारी आजारी माणसांसाठी प्रार्थना केली, परीक्षेच्या मुलांसाठी केली, आणि मग डोळे मिटूनच म्हणाले, "आणि हे प्रभू, शिक्रापूरच्या चौकात अडकलेल्या सर्वांसाठी." त्यावर जो 'आमेन' झाला, तेवढा मोठा आमच्या चर्चमध्ये मी ख्रिसमसलाही ऐकलेला नाही. कंपनीची बस पकडणारी, रोज त्या चौकाच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकणारी सगळी माणसं होती ना.

"आप्पा, हे चालेल का? भलं झालं म्हणून?" शेरॉननं बाहेर आल्यावर विचारलं.

"चौक मोकळा झाला का?" आप्पांनी विचारलं. झाला नव्हता.

*

चौक प्रार्थनेनं सुटत नाही म्हटल्यावर पोरं चौकातच गेली. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या ट्रकवाल्यांना पाणी आणि बिस्किटं द्यायची आणि त्याची रील करायची, ही जोएलची आयडिया. सल्लागार म्हणून मला बरोबर जावं लागलं, दुकान बंद ठेवून.

पहिलाच ट्रक गाठला. जोएलनं कॅमेरा लावला, शेरॉननं हसून बाटली पुढं केली. ड्रायव्हर वयस्कर होता, लांबून आलेला. त्यानं बाटली घेतली नाही. शेरॉनकडं बघितलं, जोएलच्या काटकुळ्या हातांकडं बघितलं आणि म्हणाला, "बेटा, तुम लोगों ने सुबह से कुछ खाया?"

खाल्लं नव्हतं. रील करायच्या नादात पोरं तशीच निघाली होती. त्यानं गाडी जरा बाजूला घेतली, स्टोव्हवरची बटाट्याची भाजी आणि जाडजूड रोट्या काढल्या आणि तिघांना पोटभर जेवू घातलं. मी आधी नको म्हणाले. मग चार रोट्या खाल्ल्या. आमची बिस्किटं त्याच्या क्लीनरनं संपवली.

आमची रील काही झालीच नाही. त्याची झाली! क्लीनरनं गुपचूप शूटिंग केलं होतं. दुसऱ्या दिवशी ती सगळ्या शिरूरभर फिरली. खाली लिहिलेलं, 'रास्ते में भूखे बच्चे मिले, साथ में उनकी माँ भी थी.' लोकांनी त्याला ढिगानं आशीर्वाद दिले होते. माझं अजून लग्नही झालेलं नाही, हे कुणाला सांगत बसू.

*

ईस्टरच्या आधी आमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. कुणी चहा सोडतं, कुणी मटण सोडतं. संघानं मीटिंग घेऊन ठरवलं, यंदा फोन सोडायचा. मला भरून आलं. म्हटलं, शिकली पोरं.

तिसऱ्या दिवशी पेजवर पोस्ट पडली: 'फोन उपवास, दिवस तिसरा. खूप शांत वाटतंय.' सोबत जोएलचा डोळे मिटून बसलेला फोटो.

रविवारी आप्पांनी त्याला दारातच धरलं. "उपास कसा चाललाय?"

"छान, आप्पा."

"फोटो कुणी काढला?"

"टायमर लावला होता."

आप्पा हसतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. तोंड वळवून हसले, पण हसले.

*

शेरॉन मात्र त्यानंतर खचली. एके दिवशी दुकानात स्टुलावर बसून म्हणाली, "आंटी, आपण सगळं रीलसाठी करतोय, म्हणून होत नाहीये." मी तिला हॉल तिकिटं कापायला दिली.

कापता कापता तिला सुचलं ते साधं होतं. म्हाताऱ्या बायांना आपल्या भजनांच्या जुन्या चाली येतात, त्या त्यांच्याबरोबरच जातील. त्या गाऊन घेऊ आणि पेजवर ठेवू. फुलं नाही, टायमर नाही. पहिल्या बसल्या राहेलआजी, दात नसलेल्या. पण सूर असा लागला की जोएलसुद्धा मधे बोलला नाही.

खाली आप्पांची कमेंट आली. आप्पा पेजवर नजर ठेवायला नातवाकडून अकाउंट काढून बसलेच होते, आणि कमेंट पत्रासारखी लिहायचे. "सर्वांस सलाम. चाल चुकीची आहे. कळावे. आपला, दाविद, निवृत्त गार्ड."

तासाभरात त्याला उत्तर आलं. 'दौंड जंक्शन' नावाचं अकाउंट, फोटो नाही. "चाल बरोबर आहे. चूक ऐकणाऱ्याची आहे."

आता इथं एक सांगायला पाहिजे. आप्पांचे धाकटे भाऊ शमुवेलतात्या दौंडला राहतात, रेल्वेतलेच, इंजिन ड्रायव्हर. एक भाऊ गाडीच्या पुढं, एक मागं. अकरा वर्षांपूर्वी त्यांची आई वारली, तेव्हा कबरीपाशी तिचं आवडतं भजन कोणत्या चालीत म्हणायचं यावरून दोघांचं वाजलं. आप्पांनी संथ चाल धरली, तात्यांनी भजनी. दोघं दोन चालीत शेवटपर्यंत म्हणाले आणि त्यानंतर एकमेकांना आमच्यातला साधा नमस्काराचा 'सलाम'सुद्धा म्हणाले नाहीत. दौंडची एसटी दिसली तरी आप्पा मान फिरवायचे.

तुम्हाला अंदाज आला असेल. आम्हाला आला नाही, आम्ही व्ह्यूज बघत होतो.

दर भजनाखाली दोघांची जुंपायची. "ठेका चुकला." "ठेका नाही, तुमचा कान चुकला." "दौंडात गाणं कधी होतं?" "शिरूरला जायच्या आधी तुम्हीही दौंडातच शिकलात." जोएल खूश, शेरॉन हैराण, आणि आप्पा रोज सकाळी आंघोळीआधी चष्मा लावून पेज उघडायला लागले. मग राहेलआजींनी नेमकं ते भजन म्हटलं, आईचं, आणि तेही भजनी चालीत. आप्पांनी त्याखाली सलाम नाही, कळावे नाही, एकच ओळ लिहिली: "म्हातारीला ही चाल कधीच आवडत नव्हती."

दौंड जंक्शन गप्प झालं.

*

आठ दिवस गेले. सभेच्या आदल्या दिवशी आप्पा दुकानात आले. काही झेरॉक्स काढायचं नव्हतं.

"करुणा, ते पेज चालू हाय ना? कमेंट येत न्हाईत."

"चालू आहे, आप्पा. उद्या तुम्हीच बंद करणार आहात."

ते दारात थोडे घुटमळले. "त्यो दौंडवाला गप का बसलाय? आजारी-बिजारी तर न्हाई?"

"तुम्हाला काय त्याचं?"

"मला काय," आप्पा म्हणाले. "वाद अर्धा ऱ्हायलाय."

ते गेल्यावर मी शेरॉनला फोन केला आणि दोघींची एकदमच ट्यूब पेटली. त्या संध्याकाळी तिनं पेजवर लिहिलं: 'उद्या आमची सभा आहे. बहुतेक पेज बंद होईल. ज्यांचं काही बोलायचं राहिलंय, त्यांनी बोलून घ्या.'

*

सभा. इतिवृत्त मी लिहीत होते. पहिले तीन विषय पत्रे, पंखे आणि सतरंज्या यांत गेले.

"विषय चार," आप्पांनी वाचलं. "तरुण संघाचं पेज. दाखवा माणूस."

सकाळीच जोएल म्हणाला होता, मामेभावाला शिकवून उभा करतो, म्हणेल माझं भलं झालं म्हणून. शेरॉननं त्याला गप्प बसवलं होतं. ती उठली, पुढं गेली आणि फोन टेबलावर ठेवला. "माणूस सापडला नाही, आप्पा." तिचे वडील पुढं आले आणि त्यांनी फोनवर हात ठेवला.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "सलाम."

उंच म्हातारा माणूस. डोळ्यांना मोठा काळा चष्मा, एक हात नातीच्या खांद्यावर. दौंडच्या गाडीनं आल्यामुळं कपड्यांवर धूळ होती. सगळी मंडळी सलाम म्हणाली. आप्पा म्हणाले नाहीत. त्यांनी हातातला कागद डोळ्यांपुढं धरला.

"दादा, तुमच्या शेवटच्या कमेंटचं उत्तर ऱ्हायलंय," शमुवेलतात्या म्हणाले. "डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं स्क्रीन बघायची न्हाई म्हणून सांगितलंय, कालची पोस्ट नातीनं वाचून दाखवली. म्हणून तोंडी द्यायला आलोय."

नातीनं त्यांना टेबलापर्यंत आणलं.

"आईला दोन्ही चाली यायच्या. चूल पेटवताना तुमची म्हणायची आन् भाकरी थापताना माझी. तुम्ही शाळंला लवकर जायचा. तुम्ही भाकरीच्या वक्ताला घरात नसायचा."

आप्पांनी कागद टेबलावर ठेवला. मग माझ्याकडं वळले. "करुणा, लिहून घे. विषय चार. माणूस दाखवला."

"किती?" तात्यांनी विचारलं.

"एक."

"दोन लिहा, बाई. ह्यांचं मोजायचं कच्चं हाय."

"छत्तीस वर्षं डबे मोजलेत म्या गाडीचे!"

"मागनं मोजलेत. पुढनं मोजा."

"एक लिही, करुणा."

"दोन."

शेरॉनच्या वडिलांनी टेबलावरचा फोन उचलला. जोएलनं डोळे मिटून घेतले. त्यांनी तो शेरॉनच्या हातात दिला आणि म्हणाले, "बघत काय उभी राहिलीस? शूटिंग चालू कर की."