पुस्तक मेला

तिसगावच्या बाजारात पाटी लावून मी आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल मेल्याचं जाहीर केलं. ते त्या वेळी वाचनालयात बसून फाटक्या पुस्तकांना खळ लावत होते.

झालं ते असं. मी शाळेत मास्तर आणि वाचनालयाचा बिनपगारी चिटणीस. दुष्काळाचं साल. सरपंचांनी वाचनालयाची खोली दुष्काळात वाटायच्या सुकडीची पोती ठेवायला मागितली होती. तिथं नुसत्या माश्या वाचतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. बाजारच्या दिवशी खोली भरून दाखवा, नाहीतर किल्ली द्या, इथवर गोष्ट आली. ग्रंथपालांचं जेवणखाणच सुटलं. त्यांचं सारं आयुष्य त्या दोन कपाटांत होतं.

त्याच सुमारास दिल्लीत देशभरच्या पुस्तकांचा मोठा मेळा भरू लागला होता. त्याचं हिंदी पत्रक माझ्या हाती पडलं. वर ठळक अक्षरांत 'पुस्तक मेला'. मी नुकताच हिंदीची परीक्षा पास झालेला. आपणही असाच भरवू म्हटलं आणि पेंटरला मजकूर दिला: 'पुस्तक मेला. आज वाचनालयात सर्वांनी यावे.' पेंटरनं ब्रश थांबवून विचारलं, "गुरुजी, मेला?" मी त्याला राष्ट्रभाषेवर पाच मिनिटं ऐकवलं.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून साफ गेली. गावात ग्रंथपालांना मागून सगळे 'पुस्तक'च म्हणत. पुस्तक आला, पुस्तक गेला. हे नाव त्यांना मीच ठेवलं होतं.

दहाच्या सुमारास माणसं येऊ लागली. मी दारात उभा राहून हसतमुखानं नमस्कार करत होतो आणि लोक, याला लाज कशी नाही, अशा नजरेनं माझ्याकडे बघत होते. बाजाराच्या पिशव्या बाहेर ठेवून गुमान भिंतीला टेकून बसत होते. एकानं हळूच विचारलं, कवा न्यायचं? मला वाटलं पुस्तकाचं विचारतोय. म्हटलं, नाव नोंदवा आणि आत्ताच घरी न्या.

मग शेजारच्या आळीतली एक आजी फडक्यात पिठलं-भाकरी बांधून आली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, तेव्हा शेजाऱ्यांनी न्यायची असते ती. उंबऱ्यातच तिनं गळा काढला. तो ऐकून ग्रंथपाल कपाटामागून खळीचे हात घेऊन बाहेर आले आणि कोण गेलं म्हणून विचारू लागले.

आजीनं त्यांना खालून वर न्याहाळलं. "तू हायेस व्हय? मग ही भाकर कुनी खायची? ही माघारी न्हेत न्हाईत."

ग्रंथपाल हात धुऊन बसले आणि आपल्याच सुतकाची भाकरी पोटभर जेवले. भिंतीला टेकलेली माणसं आधी एकमेकांकडे बघत राहिली, मग खोलीभर हसू फुटलं. आलीच आहेत माणसं, तर ग्रंथपाल कसले सोडतात. उठून प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक दिलं. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनी शेजाऱ्याला मोठ्यानं वाचायला लावलं. हार घेऊन आलेल्या सरपंचांना आत शिरायला जागा मिळेना. शेवटी त्यांनी तो हार कपाटाला घातला आणि सुकडी चावडीत ठेवू म्हणाले.

पुढच्या साली पाटीवर मी 'ग्रंथजत्रा' असं लिहवून घेतलं. मिरजगावच्या वाचनालयानं दोन पेट्या पुस्तकं पाठवली, भिंगारचा रद्दीवाला पलटणीतली इंग्रजी मासिकं घेऊन आला, मांडव शाळेच्या पटांगणात गेला. दिल्लीच्या मेळ्यासारखा आमचाही वाढला, आमच्या बेतानं. आणि बायका न सांगता पिठलं-भाकरी घेऊन आल्या. पुस्तकांच्या जत्रेला ती न्यायचीच असते, असा एव्हाना समज झाला होता.

गर्दी बघून मी फुगलो. ग्रंथपालांना म्हटलं, तिसऱ्या साली याहून जास्त माणसं जमवू, त्या खेपेला मास्तर मेला अशी पाटी लावू.

त्यांनी हातातल्या पुस्तकावरची नजरही उचलली नाही. "नको. तुमच्यासाठी एवढी माणसं यायची नाहीत."