काटेकाकांच्या दुकानाची बातमी

आमच्या बाजारात वजनकाटे दुरुस्त करणारे एकच गृहस्थ आहेत, काटेकाका. स्वभाव धंद्याला शोभेल असाच. चहात साखर किती, असं विचारलं तर "चमचा कोणता?" असं उलट विचारतात. काकू म्हणतात, या माणसाशी धड भांडताही येत नाही. मध्येच थांबून माझं म्हणणं बरोबर आहे का, ते तपासत बसतात.

दुकान एवढंसं. म्हणून दुरुस्तीला आलेले काटे काका बाहेरच्या फळीवर मांडतात. कुणीतरी त्या फळीचा फोटो काढला आणि तो पेपरात झळकला: 'बाजारात खोट्या काट्यांचा साठा'. खाली ग्राहकांची लूट, संतापाची लाट वगैरे. लाट कुठे आली होती कोण जाणे, पण काकांची गिऱ्हाइकं तिच्याबरोबर वाहून गेली. दुकानात उरल्या माश्या आणि काकांचे मेव्हणे. "दाजी, पण पेपरवाले उगाच कशाला छापतील?" असं ते माश्या हाकलत विचारायचे.

मग दुसरा पेपर धावून आला. त्याचं पहिल्याशी हाडवैर. त्यानं छापलं, 'प्रामाणिक कारागिराविरुद्ध कट. सर्व काटे अचूक'. काकूंनी लगेच कात्रण दुकानात चिकटवलं. काटे दुरुस्तीला टाकलेले दुकानदार तर खूशच झाले; आपला काटा अचूक असल्याचं फुकटचं प्रमाणपत्र मिळालं. गिऱ्हाइकं परतू लागली. काका मात्र कात्रणाकडे बघून दिवसभर धुसफुसत होते.

"अहो, आपल्या बाजूनं लिहिलंय ना? मग राहू द्या की," काकू म्हणाल्या.

"काटा माझ्या बाजूला झुकला, तर तो दुरुस्त करायचा नाही का? आणि चांगला काटा माझ्याकडे कोण कशाला आणेल? हवापालटाला?"

त्यांनी दोन्ही पेपरांना फोन केला. काटे बिघडलेलेच आहेत, म्हणून दुरुस्तीला आलेत, एवढंच छापा, असं सांगितलं. दुसऱ्या पेपरानं काहीच छापलं नाही. पहिल्यानं तत्परतेनं छापलं: 'अखेर कबुली! काटे बिघडलेलेच'.

दुकानदार भडकले. गिऱ्हाइकं पुन्हा गळाली. मेव्हणे तोच पेपर गुंडाळून माश्या हाकलायला येऊन बसले, ते जास्त लागलं.

शेवटी वैतागून काकांनी पाटी रंगवून आणली. वर: 'येथील सर्व काटे बिघडलेले आहेत.' खाली: 'म्हणूनच ते दुरुस्तीला आले आहेत.' दोन्ही ओळींची अक्षरं पट्टीनं मोजून सारखी करून घेतली. एकीनं दुसरीवर भारी पडायला नको.

पाटी लागते न लागते तोच एक जण मोबाइल उंचावून समोर उभा राहिला. एक पाऊल पुढे आला, मग आणखी एक.

"अहो, जरा मागे सरकून घ्या," काका आतून म्हणाले, "दोन्ही ओळी येऊ द्या."

"दोन्ही घेतल्या की अक्षरं बारीक दिसतात हो काका," तो म्हणाला, आणि वरच्या ओळीचा छान, ठळक फोटो काढून निघून गेला.