आत्याचं जातं आणि सात शतकं

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्याकडे सगळं नवं आलं, फक्त पाणी आलं नाही. नवी ऑफिसं आली, नव्या पाट्या आल्या, नवे साहेब आले. ते साहेबही आमच्यासारखेच घागर घेऊन टँकरची वाट बघत. (शिपायाच्या हातात घागर, एवढाच फरक!)

मी तेव्हा कॉलेजात इतिहास शिकवत होतो. हंगामी. आमच्या घराण्यात बी.ए., एम.ए. झालेला पहिला मीच, म्हणून अप्पांनी गावभर पेढे वाटले होते. पण ‘हंगामी’ म्हणजे काय हे त्यांना कळल्यापासून ते पेढ्यांचा विषय काढत नसत. अशात आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, “नव्या जिल्ह्याच्या आनंदात एक कार्यक्रम करा. नीट झाला, तर तुमच्या कायम होण्याचं बघू.”

मी जीव ओतून योजना केली. ‘सात शतकं, सात गाणी’! जात्यावरच्या ओवीपासून सुरुवात, मग भारूड, गोंधळ, पोवाडा, लावणी (अध्यक्षांनी तपासलेली), नाट्यपद आणि शेवटी सिनेमाची गाणी. त्यासाठी नांदेडहून ऑर्केस्ट्रा ठरवला, देगलूरहून शाहीर बोलावले. ओवी मात्र घरचीच होती. माझी महानंदा आत्या. निलंग्याकडच्या तिच्या गावात तिच्यासारखा आवाज नव्हता.

“आत्या, स्टेजवर फक्त दहा मिनिटं गायचं.”

“आन् जातं?”

“जातं कशाला? नुसतं गा की.”

“नुसतं? हात हालल्याबिगर तोंड कसं हालंल रे मन्म्या? नुसतं गायाला मी काय रेडिव हाय का?”

झालं! कॉलेजच्या जीपमधून जातं आलं. चार पोरांनी ते स्टेजवर चढवलं, तेव्हा फळ्या अशा कण्हल्या की ऑर्केस्ट्रावाले मागे सरले. पाठोपाठ आत्या आली. कपाळावर विभूती, डोक्यावर टोपलं. टोपल्यात ज्वारी. काठोकाठ!

“आत्या, एवढी ज्वारी?”

“गावात लाईट न्हाई, गिरणी बंद पडून ऱ्हायली. हितं जातं फिरणारच हाय, तर मोकळं कशापायी फिरवू?”

भर दुपारी कार्यक्रम सुरू झाला. पुढच्या खुर्चीवर गळ्यात हार घालून अध्यक्ष. मी माईकवर तेराव्या शतकाची प्रस्तावना केली, आत्यानं खुंटा धरला आणि मांडव गप्प झाला. काय आवाज होता! माझा ऊर भरून आला. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. माझा ऊर रिकामा होऊ लागला. मी वाकून कुजबुजलो, “आत्या, आता उठ.”

“उठ?” माईक तिच्याच तोंडाशी होता. “जात्यात दाणं असताना उठत्यात व्हय? दुष्काळात जातं उपाशी ठेवतो का, मुडद्या?”

मांडवातल्या बायकांनी माना डोलावल्या. दोघी तर वर चढून तिच्यासमोर खुंट्याला हात लावून बसल्या. मला वाटलं, तिघी मिळून दळल्या तर लवकर सरेल. तेवढ्यात आमच्या होस्टेलच्या मेसचा आचारी खांद्यावर ज्वारीचं पोतं घेऊन आला. “सर, आपल्या मेसातबी पीठ न्हाई. पोरं सकाळधरनं चिवड्यावर हायत. बाई दळूनच ऱ्हायल्यात, तर...” आणि त्यानं पोतं टोपल्यात ओतलंसुद्धा!

शाहीर डफ काखेत घेऊन माझ्याजवळ आले. “सर, महाराजांचा काळ कधी यायचा?”

“आत्या तेराव्या शतकातून उठली की.”

“आन् माझी देगलूरची गाडी?”

इकडे आत्याच्या साठवणीतल्या ओव्या संपल्या आणि ती मनाच्या रचू लागली. आधी टँकर आला, मग नवा जिल्हा आला आणि मग मी आलो.

*“कालेजात शिकवितो, पोर माझं गुणी,*
*दोन वर्सं झाली त्याला, कायम करीना कुणी.”*

मी पडद्याआड गेलो. पडदा पातळ होता.

*“सोयरे आले दारी, चहा पिऊन गेले,*
*हंगामी म्हणल्यावर, माघारी न्हाई आले.”*

माझे विद्यार्थी खुर्च्यांवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. इतिहासाच्या तासाला एवढी हजेरी मी कधी पाहिली नव्हती! आता तरी थांबेल म्हणेपर्यंत आत्यानं मान वळवून थेट पुढच्या खुर्चीकडे बघितलं.

*“पाव्हणे बसले पुढं, गळ्यात घालून हार,*
*सांगा बाई त्यांना कुणी, लेकरू हाय बेजार.”*

अध्यक्षांनी हार काढून मांडीवर ठेवला. उपयोग झाला नाही. आत्यानं जातं फिरवता फिरवताच विचारलं, “बोला की दादा, करता का न्हाई? दाणं लई हायत अजून!”

अध्यक्षांनी टोपल्याकडे बघितलं. मग मांडवाकडे बघितलं. मांडवातल्या सगळ्या बायका त्यांच्याकडेच बघत होत्या.

“करतो बाई, करतो!”

“माईकात सांगा. मागच्यांना ऐकू न्हाई आलं.”

अध्यक्षांनी माईकात सांगितलं. आत्यानं टोपलं मात्र शेवटच्या दाण्यापर्यंत रिकामं केलं, तोवर मांडवातलीही लाईट गेली आणि उरलेली सहा शतकं आपापल्या गाडीनं नांदेडला आणि देगलूरला परत गेली.

आठवड्याभरात कायम झाल्याची ऑर्डर हातात पडली. अप्पांनी पुन्हा पेढे आणले. संध्याकाळी आमच्या कॉलेजातले तिघे हंगामी प्राध्यापक घरी आले. मला वाटलं, एम.ए.ला पहिला वर्ग मिळवणाऱ्याकडून मुलाखतीबद्दल दोन गोष्टी विचारतील. मी घसा साफ करून सुरुवातही केली, “त्याचं काय आहे, तयारी फार मनापासून लागते...”

“ते राहू द्या, सर,” त्यांच्यातला थोरला म्हणाला. “आत्याबाई आहेत का घरात?”

तिघांच्याही हातात ज्वारीची पिशवी होती.