मुंबईकर हजर धरा

कापडे गावाच्या वरच्या वाडीत गावकीची बैठक बसली की म्होरक्या येसाजी आधी एकच वाक्य बोलतो, "मुंबईकर हजर धरा." अर्धी घरं मुंबईला. त्यांना फोन लावावा, तर वाडीत रेंज नाही. मग जो बोलला नाही त्याचा होकार! देवळाचं छप्पर असो की पाण्याची पाळी, सगळे ठराव एकमताने मंजूर. एवढं एकमत दिल्लीलाही जमत नाही.

येसाजीची लेक श्रुतिका याच एकमतात वाढली. कारखान्यांसाठी हजेरीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या महाडच्या एका छोट्या कंपनीत ती उमेदवारी करत होती. कायम व्हायचं तर एकच काम उरलं होतं, युनिट टेस्टचा प्रोजेक्ट उभा करायचा. म्हणजे मूळ प्रोग्रामचा एकेक भाग सुटा काढून तपासणारा दुसरा प्रोग्राम. तो तिच्या विंडोजच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या लिनक्सवर आणि मालक सुनील सरांच्या मॅकवर, तिन्हीकडे चालायला हवा होता.

लागणारं सगळं महाडातच डाउनलोड करून पोरगी घरी आली. पडवीत बसून तिनं प्रोजेक्ट जोडला, टेस्ट लिहिल्या, चालवल्या. सगळ्या हिरव्या!

"हिरवं म्हंजे चांगलं ना गो?" आईनं, रखमानं, डोकावून विचारलं.

"चांगलं म्हंजे? कायम झाले समज!"

रखमानं देवापुढे साखर ठेवली.

सोमवारी ऑफिसच्या मशीनवर त्याच टेस्ट लालेलाल. मॅकवरही तेच. श्रुतिकानं आधी लिनक्सला नावं ठेवली, मग मॅकला. नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी सरांनी तिचा कोड उघडला. कंपनीच्या सर्व्हरकडून उत्तर आलं नाही तर टेस्ट पास धरायची, असं बाईंनी लिहून ठेवलं होतं. वाडीत रेंजअभावी सर्व्हर कधी बोललाच नव्हता. इथं तो बोलला आणि चुका बाहेर पडल्या.

"उत्तर नाही म्हणजे पास? हे कुठं शिकलीस?"

"आमच्याकडे तसंच धरतात, सर."

ऑफिसभर हशा पिकला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण पोर चिवट. शनिवार-रविवार घरी बसून तिनं सगळ्या टेस्ट नव्यानं लिहिल्या, सर्व्हरला विचारायची गरजच ठेवली नाही. सोमवारी तिन्ही मशीनवर हिरवं उमटलं, आणि या वेळी ते खरं होतं. डोळ्यांत पाणी घेऊन ती सरांकडे धावली.

"छान," सर म्हणाले. "पण शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेला मेल पाहिला नाहीस?"

तिनं तो तिथंच उघडला. कायम करण्याऐवजी उमेदवारी वर्षभर वाढवत आहोत. हरकत असल्यास रविवारपर्यंत कळवावे. उत्तर न आल्यास मान्य समजू.

"सर, घरी रेंज नाय हो!" ऑफिसातली भाषा विसरून ती ओरडली.

"असेल. पण कंपनीनं तुझा होकार धरला," सर म्हणाले. "तुमच्याकडे तसंच धरतात ना?"

या वेळी कोणी हसलं नाही. तिच्या बाजूनंही कोणी बोललं नाही. म्हणजे ठराव एकमताने मंजूर.