हरलेल्याचा चहा

किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. बॉक्सिंगचे तर जास्तच. ठोसा मारतो एक, खातो दुसरा, पण तो बघायला अख्खी चाळ जमलेली असते. मग प्रत्येक जण आपापला ठोसा घरी घेऊन जातो!

लीड्सहून निघताना माझ्या डोक्यात एक चित्र होतं. करी रोडचा हॉल, घामाचा वास, बॅगेवर धडाधड हात चालवणारी मुलं-मुली आणि स्पोर्ट्स सायन्सची डिग्री घेऊन आलेली मी. याच हॉलमध्ये बाबा बॉक्सिंग शिकले होते. मी इथे मुलींची बॅच सुरू करणार होते, गिरणगावातून चॅम्पियन काढणार होते.

सापडलं ते असं: चाळीच्या तळमजल्यावरचा हॉल, सैल दोऱ्यांची रिंग, फाटकी बॅग आणि कडाकडा भांडणारे तीन म्हातारे. शिकायला कुणीच नाही! महिनाअखेर हॉल रिकामा करायचा होता. त्या जागी टॉवर होणार. टॉवरमध्ये जिम मिळेल, ट्रेडमिल मिळतील. रिंग बसणार नाही.

आणि म्हातारे कशावरून भांडत होते? जगातला सर्वांत ग्रेट बॉक्सिंग परफॉर्मन्स कोणाचा, यावरून!

*

बाळाकाका कोच, मूळचे मालवणचे. पास्कल अंकल रेफरी, शर्ट कायम इनमध्ये. दिनूभाऊ एके काळचा बॉक्सर, पुढे दुकानांच्या पाट्या रंगवायचा.

या विषयाचा माझा अभ्यास होता. दुसऱ्याच दिवशी मी लॅपटॉप घेऊन गेले आणि जगातल्या उत्तमोत्तम फाइट्स दाखवल्या. एकाने बाराव्या राउंडला उलटवलेली बाजी, दुसऱ्याने एका हुकमध्ये झोपवलेला राक्षस. तिघांनी मन लावून पाहिलं. मी विचारलं, "मग? यातला ग्रेट कोण?"

बाळाकाका म्हणाले, "सगळे बरे आसत. पण गो मुक्ता, मॅच झाल्यावर हरलल्याक चाय कोणी दिल्यान?"

"चहा?"

"मगे मॅच संपली कशी?"

तेव्हा मला हॉलचा रूल कळला. हरलेला कोपऱ्यातल्या लाकडी स्टुलावर बसतो. जिंकलेला ग्लोव्हज काढून, स्वतः नाक्यावर जाऊन, स्वतःच्या हाताने त्याच्यासाठी चहा आणतो. त्याचा चहा संपेपर्यंत कुणी हॉलबाहेर पडायचं नाही. कप रिकामा झाला की मॅच संपली. तोपर्यंत ती चालूच!

"तुमचो तो चॅम्पियन," बाळाकाका लॅपटॉपकडे बोट दाखवत म्हणाले, "अजून मॅच खेळताहा."

*

पास्कल अंकलच्या मते सर्वांत ग्रेट परफॉर्मन्स गणपतचा. गणपत याच चाळीत दुसऱ्या माळ्यावर राहायचा. गिरणीच्या टीमविरुद्ध मॅच होती आणि पहिल्याच राउंडला हनुवटीवर असा पंच बसला की गडी आडवा! अंकल मोजायला लागले. पाच, सहा, सात. गणपत हलेना.

पहिल्या रांगेत त्याची आई बसली होती. तिला बॉक्सिंगमधलं काही कळत नव्हतं, पण पोराला उठवायचं कसं ते रोजच्या सवयीने पाठ होतं. ती ओरडली, "गणप्या, ऊठ! पाणी इला!"

आठव्या आकड्याला गणपत ताडकन उभा! बादलीच शोधत होता म्हणे. समोर बादली नव्हती, गिरणीचा बॉक्सर होता. मग काय, त्यालाच धरला.

"मी जन्मभर काउंट केला," अंकल म्हणाले, "पण आठला उठून एवढा फ्रेश माणूस पाहिला नाही!"

*

दिनूभाऊचं उत्तर ठरलेलं. "सगळ्यात ग्रेट डिफेन्स माझा."

क्लबची फायनल आली ती नेमकी त्याच्या होणाऱ्या मेव्हण्याशी. पुढच्या आठवड्यात दादरला बहिणीचं लग्न. नवऱ्या मुलाचा डोळा सुजला तर फोटोंचं काय? आणि नवरा मुलगा सासरच्या माणसाला कसा मारणार? तीन राउंड दोघं एकमेकांभोवती नुसते फिरले. शेवटी पास्कल अंकल खेकसले, "बॉक्सिंग करा रे! गरबा घरी जाऊन खेळा!"

दिनूभाऊ एका पॉइंटने हरला. मेव्हण्याने आदराने चहा आणून दिला. एवढ्यात बहीण उठून आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा, मारताना एवढं जपता येतं तुला? मग लहानपणी मला कशाला बदडायचास?"

"ऑल टाइम ग्रेट पंच," अंकल म्हणाले. "सिंगल पंच, नॉकआउट!"

*

दिवे जाण्याचा किस्सा तिघंही सांगतात, एकाच वेळी. ऐन राउंडमध्ये अंधार झाला. अंकल ओरडले, "कोणी हात चालवायचा नाही!" दोघे बॉक्सर शिस्तीचे. एकमेकांचे ग्लोव्हज धरून उभे राहिले. तेवढ्यात फाट् असा आवाज आला. लाइट आली तर दोघे जागच्या जागी, आणि खाली पडलेले पास्कल अंकल!

"कुणी मारलं?" मी विचारलं.

अंकलनी दिनूभाऊकडे पाहिलं. दिनूभाऊने छताकडे पाहिलं. "त्या वेळी पब्लिकमध्ये होतो मी," तो म्हणाला. "पण निर्णय लय चुकीचे देत होता रे तू!"

*

हसून हसून पोट दुखायचं, पण बाबांचं नाव काढलं की तिघं विषय बदलायचे. बाळाकाका तर आपला ग्रेट परफॉर्मन्स कोणता हेही सांगत नसत. "माझो रवांदे," एवढंच.

लीड्सच्या आमच्या घरात, बुटांच्या कपाटात, सगळ्यात वर बॉक्सिंग ग्लोव्हजची एक जुनी लाल जोडी आहे. लहानपणी मी ते घालायला गेले तर बाबांनी हळूच काढून घेतले. "आपले नाहीत ते. परत द्यायचेत."

कुणाला, ते कधी सांगितलं नाही. पण दर दिवाळीत त्या ग्लोव्हजना तेल लागायचं. कातडं आजही मऊ आहे.

*

हॉलमधल्या शेवटच्या आठवड्यात मी बाळाकाकांना सरळ विचारलं, तुमच्या मते सर्वांत ग्रेट परफॉर्मन्स कोणाचा? मला जायचं होतं, तिकीट काढलेलं होतं. मुलींची बॅच तर रिंगबरोबरच गेल्यात जमा होती. निदान एक किस्सा तरी न्यावा, एवढंच मनात होतं.

दिनूभाऊ रिंगच्या दोऱ्या सोडत होता. बाळाकाका त्याच्याकडे बघत म्हणाले, "वसंताचो. तुझ्या बापाशीचो."

गिरणीच्या टीममध्ये एकच जागा होती. टीममध्ये गेला तो नोकरीत पर्मनंट. मॅच बाळाकाका विरुद्ध बाबा. दुसऱ्या राउंडला बाबांचा उजवा अंगठा मोडला. तिसरा राउंड ते एकट्या डाव्या हाताने खेळले.

"एकच हात," बाळाकाका म्हणाले, "पण माका चारी बाजूंनी येय होतो. असो राउंड मी परत बघूक नाय. टीव्हीवर पण नाय."

"मग?"

"मगे बेल झाली."

"मी बाळाचा हात वर केला," पास्कल अंकल म्हणाले. ते कुणाकडेच बघत नव्हते.

बाळाकाका धावत नाक्यावर गेले, चहा घेऊन आले. स्टूल रिकामं होतं. वसंत निघून गेला होता, ग्लोव्हज न काढताच! पुढे तो मुंबईतूनच गेला. लोक कपाची वाट बघत हॉलमध्ये बसून राहिले होते. शेवटी एकेक करून गेले. हॉलचा रूल तेवढा एकदाच मोडला.

मी म्हटलं, "काका, मी आणते चहा. मी पिते त्यांच्या वाटचा. संपवून टाकू ही मॅच."

बाळाकाका उठले. रिंगच्या पलीकडे गेले, कोपऱ्यातलं लाकडी स्टूल ओढलं, हाताने पुसलं. आणि हरलेल्याच्या त्या स्टुलावर स्वतःच बसले. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर.

"तू नको गो," ते म्हणाले. "जो जिंकलो, तेनाच आणूची असता."

दिनूभाऊच्या हातातली दोरी तशीच राहिली. पास्कल अंकलनी फक्त मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझं तिकीट रद्द केलं आणि बाबांचं काढलं. मग फोन केला. "ग्लोव्हज केबिन बॅगेत घ्या," मी म्हटलं. "आणि उतरल्यावर आधी नाक्यावर थांबायचंय. एक चहा घ्यायचाय. तुमच्यासाठी नाही."