मास्तरांना शाल, हॉलला कुलूप

रविवार, २६ जानेवारी २००३, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या सोसायटीच्या हॉलला कुलूप होतं आणि त्या कुलपासमोर व्हायोलिनची पेटी हातात धरून पास्कोल मास्तर उभे होते. त्याच सकाळी त्यांनी आमच्या आवारात झेंड्याखाली राष्ट्रगीत वाजवलं होतं आणि आमचे सेक्रेटरी श्री. दळवी यांनी त्यांना गुलाबाचं फूल दिलं होतं. फूल अजून मास्तरांच्या कोटाला होतं. कुलूपही दळवींनीच लावलेलं होतं.

मास्तरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या संपादकांनी मला सुचवलं आहे की सुरुवात पहिल्या परिचयापासून करावी आणि सूर प्रसन्न ठेवावा. पहिला परिचय आता सांगते. सुराचं पुढे बघू.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली बाई. गिरगाव सोडून मी आणि माझी धाकटी बहीण नलिनी इथे राहायला आलो त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी कुणी विचारलं की मी 'आम्ही गिरगावच्या' असंच सांगायची. एका सकाळी स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे काळी हॅट घातलेले एक गृहस्थ उभे होते. मागे वळून त्यांनी विचारलं, "बाय, गाव कंचा?"

"गिरगाव."

"थंय घर हाय?"

"आता नाही."

"मानसं?"

"तीही नाहीत."

"मंग गिरगावाचा तुमच्याकडं हाय काय?"

एक्स्चेंजमध्ये साहेबांनासुद्धा मी उत्तराशिवाय सोडलेलं नाही. त्या दिवशी मात्र मी पर्स उघडून रिक्षाचे सुटे पैसे मोजायला लागले. ते म्हणाले, "मी उत्तनचा. पन भायंदर बी माजाच हाय. तुमीबी घ्या थोडा." पेरूची फोड पुढे करावी तसं त्यांनी ते म्हटलं आणि रिक्षात बसून निघून गेले.

भाईंदरजवळच्या उत्तन गावात लग्नांत आणि चर्चच्या सणांत बँड वाजवण्यात मास्तरांचं तरुणपण गेलं. पुढे ते भाईंदरला घरोघर जाऊन व्हायोलिन शिकवू लागले. शिकवताना ते अजिबात मवाळ नसतात. बेसूर वाजवणाऱ्याला "जा, आधी नाक शिंकरून ये" असं सांगताना मी त्यांना ऐकलं आहे. हॅटबद्दलही त्यांना जरा जास्तच अभिमान आहे. गौरवग्रंथात अशा गोष्टी छापत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण नुसते गुण लिहिले तर माणूस ओळखू येत नाही.

मात्र या गावाने त्यांचे आभार मानायचे ते रविवारच्या बैठकीसाठी. दर रविवारी सकाळी दहा वाजता ते आमच्या हॉलमध्ये येतात आणि ज्याला यायचं तो येतो. बैठकीचा नियम मास्तरांनीच घातलेला आहे: "आपली गोष्ट सांगायची न्हाय. शेजाऱ्याची आनायची." म्हणजे आधी शेजाऱ्याकडे जायचं, त्याला बोलतं करायचं, सांगायची परवानगी घ्यायची. ज्याची गोष्ट, तो पहिल्या रांगेत बसतो. गोष्ट संपली की मास्तर त्या माणसाच्या मनातली एखादी चाल व्हायोलिनवर वाजवतात. एवढंच. ना भाषण, ना हारतुरे.

यातून काय होतं, ते सांगते. आमच्या तळमजल्यावरच्या जयाबेन पूर्ण शाकाहारी. मुर्ध्याहून मासे विकायला येणाऱ्या हिराबाई जिन्याखाली टोपली ठेवायच्या, त्यावरून दोघींची रोज जुंपायची. मास्तरांनी जयाबेनना सांगितलं, "तुमी हिराबायची गोष्ट आना."

"मास्टर, मैं उसके साथ बात भी नहीं करती."

"मंग करा."

जयाबेन चार रविवार आल्याच नाहीत. पाचव्या रविवारी आल्या आणि हिंदी, गुजराती, मराठी सगळं एकत्र कालवून त्यांनी हिराबाईंची गोष्ट सांगितली. लहानपणी हिराबाई आईबरोबर मिठागरावर जायच्या. मीठ ओढताना बायका एका ठेक्यात गायच्या, म्हणजे सगळ्यांचे हात बरोबर चालत. आई गेली त्या दिवशीही मीठ ओढायचंच होतं, आणि गाणं सुरू करायला कुणाचं तोंड उघडेना. तेव्हा हिराबाईंनी सुरू केलं. "इतनी छोटी थी," म्हणून जयाबेननी हाताने उंची दाखवली आणि तो हात तसाच राहिला. पहिल्या रांगेतून हिराबाई म्हणाल्या, "बाय, येवरी न्हाय, जरा मोठी व्हते." सगळे हसले. मग त्यांनी ते गाणं धरलं आणि मास्तर मागून वाजवत गेले. आता टोपली जिन्याखाली नसते, फाटकाबाहेर असते. तिथे ती हिराबाईंनी आपणहून नेली. जयाबेन रोज तिथे ताकाचा ग्लास घेऊन जातात.

मास्तरांनी माझ्यावर केलेला उपकार याहून मोठा आहे. नलिनी गेल्यावर मी बैठकीला जाणं बंद केलं होतं. लोक सांत्वनाला येत, मी दारातूनच त्यांना वाटेला लावत असे. एका रविवारी जयाबेन हाताला धरून मला खाली घेऊन गेल्या आणि पहिल्या रांगेत बसवलं. त्या दिवशी गोष्ट मास्तर सांगणार होते. ते म्हणाले, "ही नलूबायची गोष्ट. तिची परवानगी घ्यायची ऱ्हायली. तिच्या बहिनीनं द्यावी." मी मान हलवली.

माझ्या नकळत ते फुलवाल्याकडे, औषधांच्या दुकानात, खाडीकाठच्या चहावाल्याकडे जाऊन विचारून आले होते. नलिनी संध्याकाळी फिरायला जायची तेव्हा शीळ घालायची, असं त्या तिघांनीही त्यांना सांगितलं होतं. आम्ही दोघी एकाच कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. तिथे मुलीने शीळ घातली की सिस्टर वर्गाबाहेर उभं करत. जन्मभर एका घरात राहिलो, पण नलिनीला शीळ येते हे मला कधी कळलं नव्हतं. चहावाल्याने ती चाल मास्तरांना गुणगुणून दाखवली होती. मास्तरांनी ती वाजवली. मी रडले, आणि मला रडताना पाहिलेल्या कुणीही आजवर तो विषय माझ्यासमोर काढलेला नाही. त्या दिवसापासून कुणी गाव विचारलं की मी भाईंदर सांगते. माझी बहीण शीळ घालत फिरली ते गाव हे आहे.

आता कुलपाकडे येते. मी त्याच क्षणी श्री. दळवींना खाली बोलावलं.

"मॅडम, कमिटीत ठराव झालाय. हॉल फक्त मेंबरांसाठी. रविवारी बाहेरची माणसं येतायत."

"बाहेरची म्हणजे कोण?"

"ती मासेवाली, ते रिक्षावाले. लोक कम्प्लेंट करतात."

"आणि मास्तर?"

"मास्तर उत्तनचे. नियमाने बघितलं तर तेही बाहेरचेच."

"मार्चमध्ये तुम्ही त्यांना शाल देताय. गौरव समितीचे अध्यक्ष तुम्हीच ना?"

"शालीचं वेगळं, मॅडम."

शालीचं वेगळं कसं, हे मला अजून कळलेलं नाही. वर्षातून एकदा खांद्यावर हात ठेवायला माणूस आपला, आणि दर रविवारी खुर्ची द्यायची वेळ आली की तो बाहेरचा. मी बरंच बोलले, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं इंग्रजीही त्यात वापरलं. जयाबेन हॉलबाहेरच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तो हम भी बाहर के, दळवीभाई." त्यांच्या शेजारी हिराबाई बसल्या. त्या दिवसापासून बैठक पायऱ्यांवर होते.

मास्तर मात्र रागावले नाहीत. त्यांनी रुमालाची घडी पायरीवर ठेवली, गुडघा धरून सावकाश बसले आणि मला म्हणाले, "बाय, दळवींची गोष्ट आजून कुनी आनली न्हाय."

"आणणारही नाही."

"का? तो शेजारी न्हाय? तुमीच आना."

मी आठवडाभर धुमसत होते. मग गेले. दळवींना वाटलं मी तक्रारअर्ज आणलाय. त्यांनी चष्मा लावून हात पुढे केला. मी म्हटलं, "अर्ज नाही. तुमची गोष्ट हवी आहे."

"माझी कसली गोष्ट, मॅडम? मी टाकीचं पाणी बघतो, लिफ्टवाल्याला फोन करतो."

मी उठले नाही. त्यांच्या पत्नीने चहा आणला. तो निवून गेला तरी दळवी बोलत होते. काय बोलले ते मी इथे लिहिणार नाही, कारण परवानगीचा नियम मला मोडायचा नाही. एवढंच सांगते की या माणसाशी इतकी वर्षं मी फक्त पाण्याच्या वेळांबद्दल बोलले होते. शेवटी त्यांनी एक चाल गुणगुणली. दुसऱ्यांदा गुणगुणली तेव्हा स्वयंपाकघरातून पत्नीनेही साथ धरली. मी परवानगी मागितली. दळवी म्हणाले, "विचार करून सांगतो." अजून विचार चालू आहे.

नियम गोष्टीला आहे, चालीला नाही, असं मास्तरांचं म्हणणं पडलं. म्हणून चाल मी त्यांना गाऊन दाखवली. त्यांनी मला आधी नाक शिंकरून यायला सांगितलं. आता ते ती घरी वाजवून बसवत आहेत.

पास्कोल मास्तरांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभावं, त्यांचा हात आणि त्यांचा फटकळपणा असाच चालत राहावा, अशी या ग्रंथात लिहिणाऱ्या प्रत्येकाची इच्छा असणार. माझीही आहे. पण पंच्याहत्तरीतल्या गुडघ्यांना सिमेंटच्या पायरीवर बसवायचं आणि वर दीर्घायुष्य चिंतायचं, हे मला जमत नाही. म्हणून श्री. दळवी यांनी मला दोन गोष्टींचं लेखी उत्तर द्यावं. हॉल उघडणार का? आणि तुमची गोष्ट सांगायला तुमची परवानगी आहे का?

शालीचा समारंभ मार्चच्या पहिल्या शनिवारी आहे. उत्तर दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी दहाच्या आत मला मिळावं. पहिल्या रांगेतली खुर्ची तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. हॉल बंद असेल, तर पहिली पायरी.